आयर्लंडातील मेंढ्यांची वीण आणि याकोबाचा हिशेब

सेदरच्या ताटात आपण झेरोआचे हाड ठेवतो. ते ज्या कोकराचे, ते जन्मले त्या रात्री त्याच्यापाशी कोण जागत बसले होते, हे हागादात लिहिलेले नाही आणि आपणही कधी विचारीत नाही. पण याकोब, मोशे आणि दावीद हे आपले तिघेही पूर्वज मेंढपाळ होते, आणि मेंढपाळाचे सर्वांत कठीण दिवस म्हणजे मेंढ्या वितात ते दिवस. वीस वर्षांच्या चाकरीनंतर याकोब आपल्या सासऱ्याला, लाबानाला, जो हिशेब ऐकवतो तो बेरेशीथच्या एकतिसाव्या अध्यायात आहे. त्याच्या हाताखाली लाबानाची एकही मेंढी किंवा शेळी गाभडली नाही, ही त्यातली एक बाब. रानटी जनावराने फाडलेल्या मेंढीची तूट त्याने मालकाच्या माथी मारली नाही, स्वतः सोसली, ही दुसरी. दिवसा ऊन आणि रात्री गारठा यांनी झोप उडाली, हेही तो सांगायला विसरत नाही. हा हिशेब मनात ठेवून आपण आज आयर्लंडच्या डोंगरांकडे पाहू. तिथल्या मेंढ्यांच्या विणीचा इतिहास वाचताना पुन्हा पुन्हा हाच प्रश्न समोर येतो की, कळपातील जनावर मेले तर ती तूट कोणी सोसायची?

आयर्लंड हे युरोपच्या पश्चिम टोकाचे बेट. आकाराने इस्राएलच्या जवळजवळ चौपट, पण महाराष्ट्राच्या पाव हिश्शाहून थोडेसेच अधिक. आपल्याला ते अगदीच परके नाही. आपले सहावे राष्ट्राध्यक्ष खाईम हर्झोग 1918 साली तिथल्या बेलफास्ट शहरात जन्मले आणि डब्लिनमध्ये वाढले. त्यांचे वडील रब्बी यित्सहाक हर्झोग हे तिथले मुख्य रब्बी होते आणि पुढे आपल्या देशाचे मुख्य अश्केनाझी रब्बी झाले. बेटाचे हवामान असे की बर्फ फार पडत नाही, पण पाऊस आणि वारा यांना खळ नसतो. त्यामुळे गवत जवळजवळ वर्षभर हिरवे राहते. सपाटीवरच्या चांगल्या जमिनीवर गाई चरतात, आणि जिथे गाईचे पोट भरणार नाही अशा खडकाळ, दलदलीच्या डोंगरांवर मेंढ्या.

आयरिश लोकांचा वसंत 1 फेब्रुवारीला सुरू होतो. त्या दिवसाचे जुने नाव इंबोल्क. या नावाचा अर्थ काय याबद्दल पंडितांत मतभेद आहेत, पण सुमारे अकराशे वर्षांपूर्वीच्या कोर्मकच्या जुन्या आयरिश शब्दकोशात त्याचा संबंध मेंढीच्या दुधाशी जोडलेला आहे. पोटात कोकरू वाढते आहे, कास भरू लागली आहे, घरात लवकरच पुन्हा दूध दिसेल, म्हणून सण. हे वाचताना मला आपले कोकणातील जुने सण आठवले. आपल्या वाडवडिलांना हिब्रू नावे ठाऊक नव्हती तेव्हा त्यांनी खिरीचा सण, दार फळणीचा सण, अनाशी धाकाचा सण अशी नावे ठेवली. जे घरात, चुलीपाशी, दारापाशी घडे त्यावरूनच सण ओळखला जाई. ख्रिस्ती धर्म आल्यावर आयरिश लोकांनी तोच दिवस संत ब्रिजिड हिच्या नावे केला. ती किल्डेअरची. तिने राजाकडे मठासाठी जमीन मागितली, राजा म्हणाला तुझ्या शालीने झाकेल तेवढी घे, आणि शाल अंथरताच ती पसरत जाऊन सगळे करघ नावाचे माळरान झाकले गेले, अशी तिथली दंतकथा आहे. त्या माळावर आजही मेंढ्या मोकळ्या चरतात. 2023 पासून ब्रिजिडच्या नावाने आयर्लंडात सरकारी सुट्टी असते.

त्यांचा दुसरा मोठा संत पॅट्रिक. तो मूळचा ब्रिटनचा. सोळा वर्षांचाही पुरता झाला नव्हता तेव्हा चाच्यांनी पकडून आयर्लंडात विकला आणि सहा वर्षे त्याने गुलाम म्हणून कळप राखले, असे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. परंपरेने ती जागा अँट्रिम परगण्यातील स्लेमिश डोंगर मानतात.

आता प्रत्यक्ष कामाकडे येऊ. आपल्यापैकी जे कोकणात वाढले त्यांना घाट उतरून येणारे धनगर आठवत असतील. दिवाळीनंतर भात कापलेल्या शेतात मेंढ्या बसवायच्या, लेंडीखताच्या मोबदल्यात धान्य घ्यायचे, आणि पावसाच्या आधी परत देशावर जायचे. वाटेत मेंढी व्याली की कोकराला घोड्यावरच्या ओझ्यात जागा मिळे. आयरिश शेतकरी असा गावोगाव फिरत नाही, त्याचा कळप त्याच्या डोंगराला बांधलेला असतो. पण काम तेच.

मेंढी सुमारे 147 दिवस गाभण असते, म्हणजे पाच महिन्यांना थोडे कमी. म्हणून सपाटीवरचा शेतकरी ऑक्टोबरच्या मध्याला एडका कळपात सोडतो आणि मार्चच्या मध्यापासून कोकरांची वाट पाहतो. आपल्या पंचांगात सांगायचे तर सुक्कोथ संपता संपता एडका सोडला की पुरीमच्या सुमारास वीण सुरू. डोंगरावर थंडी उशिरापर्यंत टिकते, म्हणून तिथे एडका नोव्हेंबरात सोडतात आणि कोकरे एप्रिलमध्ये येतात. एडक्याच्या छातीला रंग लावलेला असतो. ज्या मेंढीवर तो चढेल तिच्या पाठीवर रंग उमटतो. दर सतरा दिवसांनी रंग बदलला की कोणती मेंढी आधी विणार, कोणती मागून, हे पाठीवर पाहूनच कळते. शेवटच्या सहा-आठ आठवड्यांत पोटातील कोकरू झपाट्याने वाढते आणि मेंढीच्या पोटात चाऱ्याला जागा उरत नाही. त्या दिवसांत तिला खुराक दिला नाही तर जुळी असलेली मेंढी स्वतःच खचते, उभीही राहत नाही.

विणीची वेळ आली की मेंढी कळपापासून दूर जाते, पायाने जमीन उकरते, बसते, उठते, पुन्हा बसते. सर्व ठीक असेल तर आधी पुढचे दोन पाय आणि त्यांवर टेकलेले नाक दिसते, आणि अर्ध्या-एक तासात कोकरू जमिनीवर येते. एक पाय मागे दुमडलेला असेल, डोके वळलेले असेल किंवा दोन कोकरांचे पाय एकमेकांत अडकले असतील, तर माणसाला हात घालावा लागतो. हात स्वच्छ धुऊन, वंगण लावून, डोळे मिटून बोटांनी ओळखायचे की हा पाय पुढचा की मागला, आणि तो कोणाचा. इथे लहान हाताची बाई भारदस्त पुरुषापेक्षा उपयोगी पडते, आणि शेतकऱ्यांच्या घरी हे काम कितीतरी बायकांनी केले आहे. त्यांची नावे कोणत्याही दप्तरात नाहीत. एक इशारा मात्र हल्ली ठळकपणे दिला जातो. गरोदर बाईने विणीच्या काळात मेंढ्यांजवळ मुळीच जाऊ नये, कारण वारेतून आणि पाण्यातून तिच्या बाळाला घातक असे आजार लागू शकतात.

कोकरू बाहेर आले की नाकातोंडातला चिकटा पुसतात. श्वास घेत नसेल तर नाकपुडीत गवताची काडी फिरवतात, म्हणजे ते शिंकते आणि जगते. नाळेला आयोडीन लावतात. मग सगळ्यांत मोठे काम चिकाचे. आपण गाईच्या चिकाचा खरवस करून खातो, पण कोकराला त्याचा थेंब न् थेंब हवा, कारण रोगाशी झुंजण्याची ताकद ते आईकडून पोटात घेऊन येत नाही, ती या पहिल्या दुधातूनच मिळते. चार किलोच्या कोकराला पहिल्या दोन तासांत सुमारे 200 मिलिलिटर चीक मिळाला पाहिजे. सडाच्या तोंडाशी मेणासारखा बोळा असतो, तो काढून धार पाहायची, आणि कोकराचे तोंड सडाला लावायचे. फार गारठलेले कोकरू जुन्या काळी पेटीत गवत घालून चुलीपाशी ठेवीत. आयरिश चुलीत लाकूड नसे, दलदलीतून कापून वाळवलेली पीट नावाची माती जळे, आणि तिचा निखारा रात्रभर धुमसत राही. अशी चुलीपाशी वाढलेली, बाटलीने दूध प्यालेली पोरकी कोकरे पुढे कुत्र्यासारखी माणसाच्या मागे फिरतात आणि कळपात गेली तरी स्वतःला मेंढी समजत नाहीत.

मेंढी आपले कोकरू वासाने ओळखते. दुसऱ्याचे पोरके कोकरू तिच्यापाशी नेले तर ती डोक्याने ढकलून देते. एखाद्या मेंढीचे कोकरू मेले आणि शेजारी एखादे पोरके असले, तर मेलेल्या कोकराचे कातडे काढून ते पोरक्याच्या अंगावर अंगरख्यासारखे चढवतात. मेंढी हुंगते, आपल्याच पोराचा वास येतो, आणि ती दूध देते. दोन-तीन दिवसांनी कातडे काढून टाकले तरी चालते, तोवर तिचे दूध त्याच्या अंगात मुरून त्याचा वास तिला आपला वाटू लागलेला असतो. आपल्याला हे वाचताना बेरेशीथ आठवल्याशिवाय कसे राहील? रिबकाने याकोबाच्या हातांना आणि मानेला करडांची कातडी बांधली आणि अंध यित्सहाकाने त्याला चाचपून, कपड्यांचा वास घेऊन, आशीर्वाद दिला. ती मेंढपाळाच्या घरची सून होती. तिला ही युक्ती कुठे सुचली असेल याचा माझ्यापुरता तर्क मी केला आहे.

दुसरी रीत अशी की, मेंढी वीत असतानाच तिच्या पाण्यात पोरके कोकरू भिजवून तिच्यापुढे ठेवायचे. आयर्लंडचे शेतकी सल्लागार आजही हीच रीत सर्वांत भरवशाची म्हणून शिकवतात. पण ज्यांनी तालमूद उघडून पाहिला असेल त्यांना ती जुनीच वाटेल. मस्सेखेथ शब्बाथमध्ये, एकशे अठ्ठाविसाव्या पानाच्या दुसऱ्या बाजूला, सणाच्या दिवशी विणाऱ्या जनावराला किती मदत करावी याची चर्चा आहे. पिल्लू जमिनीवर पडू नये म्हणून धरावे, त्याच्या नाकात फुंकर घालावी, सड त्याच्या तोंडात द्यावा, हे सर्व तिथे सांगितले आहे. आणि रब्बान शिमोन बेन गमलिएल यांच्या नावाने पुढे असेही आले आहे की, आई पिल्लाला जवळ घेत नसेल तर तिच्या वारेचे पाणी पिल्लावर शिंपडावे, म्हणजे वास घेऊन तिला त्याची माया येईल. विद्वान मंडळी सणाच्या दिवशी काय चालते आणि काय नाही याचा काथ्याकूट करीत होती खरी, पण त्यांच्यातल्या कोणीतरी मेंढवाड्यात रात्र काढली होती हे उघड आहे.

हे झाले मेंढी आणि माणूस यांच्यातले. पण मेंढी कोणाची आणि डोंगर कोणाचा, हा प्रश्न आयर्लंडात रक्तापर्यंत गेला.

1845 नंतर काही वर्षे बटाट्याचे पीक कुजले आणि दहा लाखांच्या आसपास माणसे उपासमारीने आणि तापाने मेली. तितकीच देश सोडून गेली. जमीन बहुतांशी इंग्रजी वळणाच्या जमीनदारांची, आणि कसणारी कुळे त्यांच्या मर्जीवर. दुष्काळानंतर जमीनदारांना दिसले की कुळांच्या खंडापेक्षा लोकर आणि मटण यांत पैसा जास्त आहे. वायव्येच्या डनिगॉल परगण्यात ग्वीडोर येथे लॉर्ड जॉर्ज हिल याने 1850 नंतरच्या दशकात कुळांची परंपरेने चालत आलेली डोंगरावरची चराई काढून घेतली आणि ती स्कॉटलंडच्या मेंढीवाल्यांना दिली. त्यांनी काळ्या तोंडाच्या, शिंगाळ, दणकट स्कॉटिश मेंढ्या आणल्या आणि राखायला स्कॉटिश धनगरही आणले. थोड्याच दिवसांत मेंढ्या नाहीशा होऊ लागल्या. मेंढीवाले म्हणाले, गावकऱ्यांनी मारल्या. गावकरी म्हणाले, परक्या डोंगरावर थंडीवाऱ्याने आणि हेळसांडीने मेल्या.

सरकारने मेंढीवाल्यांचे ऐकले. नुकसानभरपाई आणि जादा पोलिसांचा खर्च म्हणून सबंध भागातील गोरगरिबांवर कर बसवला गेला. ज्यांच्या घरी एकही मेंढी नव्हती त्यांनीही तो भरला. प्रकरण एवढे गाजले की 1858 साली लंडनच्या पार्लमेंटला चौकशी समिती नेमावी लागली. तोराचा कायदा इथे पाहण्यासारखा आहे. शेमोथच्या बाविसाव्या अध्यायात सांगितले आहे की, राखायला दिलेले जनावर हिंस्र पशूने फाडले असेल तर राखणाऱ्याने त्याचे उरलेले अवशेष पुरावा म्हणून आणावेत. आमोस नबी स्वतः तेकोआचा मेंढपाळ, तोही सिंहाच्या तोंडातून ओढून काढलेल्या कानाच्या तुकड्याची उपमा देतो. डनिगॉलच्या मेंढीलाही कानावरच्या खुणेनेच ओळखीत. पण विणीच्या दिवसांत पहाटे डोंगरावर कोणी गेलेच नाही, तर कोकरू कावळ्याने डोळे फोडून मारले, कोल्ह्याने नेले की शेजाऱ्याने, हे सांगणार कोण? राखण न करता भरपाई मागायची, आणि तीही शेजाऱ्याकडून, हे याकोबाच्या हिशेबाच्या बरोबर उलट झाले.

त्याच परगण्यात डेरीव्हे येथे याहून वाईट घडले. जॉन जॉर्ज अडेर नावाच्या माणसाने तिथे मोठी जमीन विकत घेतली, स्कॉटिश मेंढ्या आणि धनगर आणले, आणि कुळांशी त्याचे तंटे सुरू झाले. मेंढ्या हरवल्या. 1860 च्या नोव्हेंबरात त्याचा कारभारी जेम्स मरे डोंगरावर मेलेला सापडला. खून कोणी केला ते कधीच सिद्ध झाले नाही. अडेरने सर्व कुळांना जबाबदार धरले. 1861 च्या 8 एप्रिलला पोलीस आणि सैनिक घेऊन शेरीफ आला. पहिले घर मॅकअवॉर्ड आडनावाच्या एका विधवेचे होते. तीन दिवसांत 47 कुटुंबांतील 244 माणसे बाहेर काढली गेली, आणि त्यांत 159 मुले होती. बरीचशी घरे तिथल्या तिथे पाडली, म्हणजे रात्री कोणी परत येऊ नये. काही जण लेटरकेनीच्या अनाथ-गरिबांच्या सरकारी आसऱ्याला गेले. तरुण मुले-मुली पुढे वर्गणीच्या पैशातून ऑस्ट्रेलियाला गेली.

तारीख पुन्हा पाहा. एप्रिलचा दुसरा आठवडा, म्हणजे डोंगरी मेंढ्यांच्या विणीचा ऐन हंगाम. ज्या दिवसांत कोकराला पाऊस लागू नये म्हणून आडोसा शोधतात, त्याच दिवसांत लेकरांच्या डोक्यावरची छपरे काढली. अडेरने तिथे पुढे ग्लेनव्हे नावाचा किल्ल्यासारखा वाडा बांधला आणि अमेरिकेत जाऊन टेक्ससमध्ये गुरांचा धंदा केला. आज तो वाडा आणि भोवतालचे डोंगर हे राष्ट्रीय उद्यान आहे. पर्यटक हरणे पाहायला जातात.

त्यानंतर वीस वर्षांनी आयर्लंडात कुळांचा मोठा लढा झाला. बहिष्कार टाकण्याला इंग्रजीत जो शब्द आहे तो त्याच लढ्यातला. मेयो परगण्यातील कॅप्टन बॉयकॉट या कारभाऱ्याचे ते आडनाव. 1881 पासून कायदे बदलत गेले, आणि 1903 च्या वायंडम कायद्याने सरकारी कर्जातून कुळांना जमीन विकत घेणे सोपे झाले. हळूहळू डोंगरावरची मेंढी, तीच काळ्या तोंडाची स्कॉटिश मेंढी, त्याच हाकललेल्यांच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या नातवंडांची झाली. डोंगर सामाईक, प्रत्येक घराचा वाटा ठरलेला. आज डनिगॉल, मेयो आणि गॉलवेच्या कॉनेमारा भागात जी थोडी वस्ती डोंगरात टिकून आहे ती बरीचशी या मेंढीच्या आधाराने टिकून आहे.

मालकी आली तशी तूटही स्वतःची झाली. आयरिश लोकांत एक गोष्ट सांगतात. मार्च संपला तेव्हा एक म्हातारी करडी गाय शेखी मिरवू लागली की मार्च मला मारू शकला नाही. मार्चने रागावून एप्रिलकडून तीन दिवस उसने घेतले आणि तिचे कातडे सोलले. एप्रिलचे पहिले दिवस म्हणूनच करड्या गाईचे दिवस. 1947 साली मार्चने उसने घेण्याची गरजच ठेवली नाही. जानेवारीपासून कडाका सुरू झाला, 24 आणि 25 फेब्रुवारीला अखंड हिमवादळ झाले, आणि गाभण मेंढ्या बर्फाखाली गाडल्या गेल्या. बर्फाखाली मेंढी श्वासाच्या उबेने पोकळी करून कित्येक दिवस जगू शकते. म्हणून माणसे लांब काठ्या खुपसत, कुत्र्यांच्या हुंगण्यावर भरवसा ठेवत डोंगर धुंडाळीत होती. किती तरी कळप संपले. तसाच प्रकार 2013 च्या मार्च अखेरीस अँट्रिम आणि डाउन परगण्यांत झाला. कोकरे पडायला लागली होती आणि बर्फाचे ढीग घरांएवढे झाले. त्या वेळी मात्र चारा टाकायला हेलिकॉप्टरे आली.

याच डाउन परगण्यात, समुद्रकाठच्या मिलाइल गावाजवळ, आपल्या लोकांचीही एक शेती होती. हिटलरच्या तावडीतून सुटून आलेल्या मुलांसाठी बेलफास्टच्या यहुदी समाजाने सुमारे 70 एकरांचे ते शेत घेतले आणि 1948 पर्यंत चालवले. व्हिएन्ना-बर्लिनच्या दुकानदारांची आणि वकिलांची मुले तिथे गाई-कोंबड्या सांभाळायला, घोड्याने नांगरायला शिकली. पुष्कळांचे आईबाप परत कधी दिसले नाहीत. पोरक्या कोकरांचा विषय निघाला म्हणून त्यांची आठवण काढली.

2001 साल मात्र निराळे. त्या वर्षी इंग्लंडात लाळ्या-खुरकताची साथ पेटली आणि तिथून आणलेल्या मेंढ्यांबरोबर ती आयर्लंडात शिरली. 22 मार्चला लाउथ परगण्यात, कूली द्वीपकल्पातील प्रोलीक येथे, ती ठरली. आयर्लंडच्या प्रजासत्ताकात साथीचे प्रकरण तेवढे एकच झाले, आणि ते एकच राहावे म्हणून सरकारने त्या द्वीपकल्पातील सगळ्या मेंढ्या मारायचे ठरवले, निरोगीसुद्धा. वीण ऐन भरात होती. रात्री जागून ज्या कोकराला चीक पाजला ते सकाळी आईबरोबर गेले. आपल्या वायिक्रात लिहिले आहे की कोकरू सात दिवस आईपाशी असावे, आणि आई व पिल्लू यांना एकाच दिवशी कापू नये. साथीपुढे ते पाळता येण्यासारखे नव्हते, आणि तो निर्णय चुकला असे मी म्हणणार नाही, कारण बाकीचा देश वाचला. सरकारने पैसे दिले, म्हणजे या खेपेस तूट सगळ्या देशाने सोसली. पण डोंगरी मेंढी आपली हद्द आईकडून शिकते. कुंपण नसलेल्या डोंगरावर कुठवर चरायचे, वादळात कोणत्या कड्याआड बसायचे, हे कोकरू आईच्या मागे फिरून शिकते आणि पुढे आपल्या कोकराला शिकवते. नव्या विकत आणलेल्या मेंढ्यांना ते ठाऊक नव्हते. त्या भरकटत होत्या, आणि माणसांना वर्षानुवर्षे त्यांना वळवत बसावे लागले. या विद्येचे मोल कोणत्याही भरपाईच्या तक्त्यात बसत नाही.

आता शेवटी जुळ्यांविषयी, कारण त्यात आपले दोन्ही देश आहेत. डोंगरी मेंढीला बहुधा एकच कोकरू होते, आणि दोन झाली तर दोघांना पुरेल एवढे दूध तिला क्वचित असते. सपाटीवरच्या शेतकऱ्याला मात्र जुळी हवीत. गॉलवे परगण्यातील बेलक्लेअर येथे आयरिश संशोधकांनी फिनलंडची आणि इतर मेंढी मिसळून बेलक्लेअर नावाची जात तयार केली, ती जुळ्या-तिळ्यांसाठी प्रसिद्ध आहे. पुढे तिच्या रक्तात जास्त कोकरे देणारे गुण नेमके कुठे आहेत तेही सापडले. महाराष्ट्रात फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने असेच काम धनगरांच्या दख्खनी मेंढीवर केले. बंगालच्या सुंदरबनात गॅरोल नावाची एक बुटकी मेंढी आहे, तिला जुळी नेहमीची. तिचा गुण दख्खनी मेंढीत आणून त्यांनी नारी सुवर्णा ही जात काढली, आणि आपल्याकडच्या अवासी मेंढीचे रक्तही त्यात मिसळले. इस्राएलमध्ये वोल्कानी संस्थेने अवासी आणि असाफ मेंढ्यांत जुळ्यांचा गुण आणला, त्यांना अफेक म्हणतात. तो गुण त्यांनी ऑस्ट्रेलियाच्या बुरूला मेरिनोकडून घेतला. आणि बुरूलाकडे तो कुठून आला याचा शोध घेतला तर धागा पुन्हा बंगालच्या गॅरोलपाशीच जातो. 1792 आणि 1793 साली कलकत्त्याहून जहाजाने सिडनीला मेंढ्या गेल्या होत्या, त्यांच्यातून. म्हणजे हिंदुस्थानची मेंढी ऑस्ट्रेलियाला वळसा घालून दोनशे वर्षांनी एरेत्झमध्ये पोहोचली. जुळी झाली की एक कोकरू धष्टपुष्ट आणि दुसरे अशक्त असते, आणि अशक्ताला उचलून सडापाशी धरायला रात्री कोणीतरी उठावेच लागते, गॉलवेत काय, फलटणला काय आणि नेगेवमध्ये काय.